लॉग जिथे संपतो

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या एका सर्व्हरने आम्हाला तीन आठवडे छळलं. संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास तो अचानक बंद पडायचा आणि दीड-दोन मिनिटांनी आपला आपणच उठून उभा राहायचा. रोज नाही. सोमवारी पडला की गुरुवारपर्यंत गुण्यागोविंदाने चालायचा, मग शनिवारी लागोपाठ दोनदा पडायचा. लॉग उघडून बघावा तर त्यात काहीच नाही. ६ वाजून ४१ मिनिटांची एक साधीसुधी नोंद, आणि तिच्याखालची ओळ थेट ६ वाजून ४३ मिनिटांची: मशीन सुरू होत आहे. मधली दोन मिनिटं कोणीतरी खोडरबराने पुसल्यासारखी.

त्याच आठवड्यात टीममधल्या एका मुलाचा नवा कोड त्या सर्व्हरवर गेला होता. ‘काय बदललं?’ हा आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न. उत्तर समोरच बसलेलं होतं. त्याचा कोड मागे घेतला. दोन दिवस सर्व्हर पडला नाही, आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. तिसऱ्या दिवशी परत पडला, तेव्हा ‘काहीतरी मागे राहिलं असेल’ म्हणत आम्ही पुन्हा त्याच्याच कोडमध्ये शिरलो. अहवाल मी लिहिला. त्यात त्याचं नाव होतं आणि पुढे ‘बहुधा मेमरी लीक’ असं लिहिलेलं होतं. ‘बहुधा’ हा शब्द कोणी वाचत नाही.

खरं कारण नंतर कळलं. ते शेवटी सांगतो. पण ते कळल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा वर्षं मिळून मी सर्व्हरचा पॉवर सप्लाय एकदाही हातात घेतलेला नव्हता. मग मी वाचायला लागलो. कॉम्प्युटर बिघडतो तेव्हा माणसं आधी कुठे बघतात, कोणाकडे बोट दाखवतात, आणि शेवटी बिघाड कुठे सापडतो, याचा सुमारे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. त्यातल्या काही गोष्टी इथे सांगतो.

अठरा हजार दिवे

फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला ‘एनिॲक’ जगासमोर आला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये बांधलेला हा कॉम्प्युटर एका मोठ्या खोलीच्या भिंती व्यापून उभा होता. त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. आजोबांच्या रेडिओत असायचे ते व्हॉल्व्ह, तेच. आत तापलेली तार, बाहेर काच. बल्बचा सख्खा भाऊ म्हणा ना.

आता एक साधा हिशोब करू. समजा एक ट्यूब सरासरी २,००० तास टिकते. घरात असा एक दिवा असेल तर तो कित्येक महिने चालेल. पण १८,००० दिवे एकत्र लावले, तर दर सहा-सात मिनिटांनी त्यातला कुठला ना कुठला विझणार. आणि एनिॲकमध्ये एक ट्यूब गेली तर गणित चुकणार. हे यंत्र कधी सलग चालूच शकणार नाही, अशी शंका तेव्हा अनेक जाणकारांना होती, आणि ती रास्त होती.

मुख्य इंजिनिअर प्रेस्पर एकर्ट याने यावर जे उपाय काढले ते दिसायला अगदी साधे होते. ट्यूब जेवढा ताण सहन करू शकते असं बनवणारा सांगतो, त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी ताणावर ती चालवायची. बैल दहा पोती ओढू शकतो म्हणून रोज दहाच लादायची नाहीत, पाच-सहावर भागवायचं. अडचण दुसरीकडे होती. ट्यूब बहुतेक वेळा चालू करताना किंवा बंद करताना जायच्या. थंड तारेत एकदम करंट शिरतो, ती तापून प्रसरण पावते, आणि जिथे कच्ची असेल तिथे तुटते. म्हणून मग एनिॲक बंदच करायचा नाही असं ठरलं. दीडशे किलोवॉटच्या वर वीज खाणारं हे धूड कामाविनाही चालू राहायचं. पुढे ते मेरिलँडमधल्या अबर्डीनला हलवलं गेलं आणि २ ऑक्टोबर १९५५ च्या रात्री पावणेबाराला कायमचं बंद झालं. ट्यूब जाण्याचं प्रमाण साधारण दोन दिवसांत एक इतकं खाली आलं होतं.

पण गेलेली ट्यूब शोधायची कोणी? एनिॲकवर गणितं चढवायला सहा तरुणी नेमल्या होत्या: जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, के मॅकनल्टी, मार्लिन वेस्कॉफ, रूथ लिक्टरमन आणि फ्रान्सिस बिलास. प्रकल्प लष्करी आणि गुप्त होता, त्यामुळे सुरुवातीला त्यांना यंत्र बघायचीही परवानगी नव्हती. हातात फक्त आकृत्या. त्या आकृत्यांवरून त्यांनी यंत्र इतकं पाठ केलं की पुढे बिघाड कुठल्या ट्यूबपाशी असेल तिथपर्यंत त्या पोहोचू शकत. जगातल्या पहिल्या प्रोग्रामरांमध्ये ज्यांची गणना होते, त्या बायकांना यंत्राच्या पोटातलं सगळं ठाऊक होतं. ‘मी सॉफ्टवेअरवाला, हार्डवेअर माझं काम नाही’ ही सोय त्यांना नव्हती. ती आमची.

पतंग

कॉम्प्युटरच्या चुकीला ‘बग’ का म्हणतात, याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात, एफ पॅनेलच्या ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग अडकून मेलेला सापडला. काम करणाऱ्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि खाली गमतीने लिहिलं की प्रत्यक्ष बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

गोष्ट सांगताना ग्रेस हॉपर यांनी तो पतंग पकडला आणि तेव्हापासून हा शब्द आला, असं सांगतात. दोन्ही चूक. हॉपर त्या प्रयोगशाळेत होत्या आणि हा किस्सा त्या रंगवून सांगायच्या, त्यामुळे तो त्यांच्या नावावर जमा झाला. आणि शब्द आधीपासून होता. एडिसनने १८७८ मध्येच आपल्या यंत्रांतल्या अडचणींना बग म्हटलं होतं. आधीपासून होता म्हणून तर नोंदवहीतला विनोद विनोद ठरतो.

मला यात वेगळंच काही दिसलं. सुरुवातीला बग म्हणजे यंत्रातली वस्तू होती: सैल तार, जळकी ट्यूब, मेलेला पतंग. पुढे यंत्रं भरवशाची होत गेली आणि शब्द सरकत सरकत कोडवर येऊन बसला. आज ‘बग आहे’ म्हटलं की खोलीतले सगळे आपोआप कोड लिहिणाऱ्याकडे बघतात.

मडकं वाजवून घ्यावं

बाजारात मडकं घेताना आजी त्यावर टिचकी मारायची. चिरलेलं मडकं डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज बद्द येतो. साधारण हीच युक्ती १९५० च्या आसपास बोस्टनजवळच्या एमआयटीत ‘व्हर्लविंड’ नावाच्या कॉम्प्युटरवर वापरली गेली.

जे फॉरेस्टर यांच्या गटाचा हा कॉम्प्युटर तत्क्षणी उत्तर देण्यासाठी होता. असं यंत्र मध्येच पडून चालत नाही. ट्यूब एका झटक्यात मरतात तशा हळूहळू अशक्तही होत जातात. अशक्त ट्यूब नेहमीच्या व्होल्टेजवर कशीबशी काम रेटते आणि मग एखाद्या दिवशी ऐन मोक्याला दगा देते. तेव्हा या लोकांनी यंत्राच्या एकेका भागाचं व्होल्टेज मुद्दाम वरखाली करून चाचणीचा प्रोग्राम चालवायला सुरुवात केली. धडधाकट ट्यूब तेवढं झेलायच्या. अशक्त ट्यूब लगेच चुकायच्या आणि पकडल्या जायच्या. मग खऱ्या कामाला बसण्याआधीच त्या बदलल्या जात.

पुढे अमेरिकेने हवाई संरक्षणासाठी ‘सेज’ यंत्रणा उभारली, तिथेही ही पद्धत गेली. सेजच्या केंद्रांवर कॉम्प्युटर जोडीने बसवत. एक कामावर, दुसरा तयारीत. एकावर भरवसा नको म्हणून दोन ठेवायचे, ही कल्पना आजच्या अनेक सर्व्हरमध्ये आहे. तिच्यातली मेख पुढे येईल.

कुलाब्याकडची गोष्ट

हे सगळं सातासमुद्रापारचं वाटत असेल तर मुंबईत येऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका छोट्या गटाने स्वतःचा कॉम्प्युटर बांधायला घेतला. आधी १९५६ पर्यंत एक लहान नमुना तयार झाला. पूर्ण यंत्र १९६० मध्ये चालू झालं. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं नामकरण झालं: ‘टिफ्रॅक’.

त्यात सुमारे २,७०० ट्यूब होत्या. मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटचा. गुणाकार केला तर साधारण दहा किलोबाइट. सकाळी सकाळी येणाऱ्या ‘शुभ प्रभात’च्या फोटोलाही यापेक्षा जास्त जागा लागते.

आज आपण सर्व्हर विकत घेतो. बिघडला तर टोल-फ्री नंबर लावतो, तिकडचा माणूस ‘बंद करून चालू करून बघा’ सांगतो. टिफ्रॅक बिघडला तर फोन कोणाला लावणार? ज्यांनी डाग देऊन तारा जोडल्या त्यांनाच त्या तपासायच्या होत्या. शिवाय हे यंत्र संस्थेतले आणि बाहेरचे शास्त्रज्ञ आपल्या गणितांसाठी वापरत होते, त्यामुळे चुकीचं उत्तर आलं की प्रश्न तोच: चूक गणितात, प्रोग्राममध्ये की ट्यूबमध्ये? तिन्ही शक्यता एकाच टेबलावर मांडणं तेव्हा भाग होतं.

आकाशातून आलेली चूक

संस्थेचे संस्थापक होमी भाभा स्वतः विश्वकिरणांचे अभ्यासक. अवकाशातून येणारे वेगवान कण वातावरणावर आपटले की नव्या कणांचा वर्षाव कसा होतो, याचा सिद्धांत त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर १९३७ मध्ये मांडला होता. हाच वर्षाव पुढे कॉम्प्युटरच्या मेमरीतला एखादा शून्य एक करून जाईल, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं.

आधी दुसरा एक माणूस वैतागला. रिचर्ड हॅमिंग हे बेल लॅब्जमधले गणिती. १९४७ च्या सुमारास शनिवार-रविवारी ते आपलं काम रिलेच्या कॉम्प्युटरवर लावून घरी जायचे. यंत्राला स्वतःची चूक ओळखता यायची, पण चूक सापडली की ते हॅमिंग यांचं काम टाकून पुढच्याचं घ्यायचं. सोमवारी येऊन बघावं तर हातात काही नाही. यंत्राला चूक झाली एवढं कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये, आणि कळली तर ती त्यानेच दुरुस्त का करू नये? या वैतागातून १९५० मध्ये त्यांचा प्रसिद्ध कोड आला. खऱ्या माहितीबरोबर मोजून-मापून काही जास्तीचे बिट ठेवायचे, म्हणजे एक बिट फिरला तर नेमका कुठला ते हिशोबाने निघतं. सर्व्हरची ‘ईसीसी’ रॅम घरच्या रॅमपेक्षा महाग असते ती या जास्तीच्या बिटांपायी.

मग १९७८ मध्ये इंटेलमध्ये टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी एक कोडं सोडवलं. मेमरी चिपमधले बिट अधूनमधून फिरत होते, पण चिप तपासली तर ठणठणीत. बिघाड चिपमध्ये नव्हताच. तो तिच्या सिरॅमिकच्या आवरणात होता. आवरणात युरेनियम आणि थोरियमचे अंश होते, त्यांतून निघणारे अल्फा कण चिपमध्ये शिरत आणि साठवलेला विद्युतभार बदलून टाकत. ते आवरण बनवणारा कारखाना ग्रीन नदीच्या काठी, एका जुन्या युरेनियम खाणीच्या खालच्या अंगाला होता. त्यानंतर लगेचच आयबीएमच्या संशोधकांनी दाखवलं की विश्वकिरणांमुळेही हे होऊ शकतं.

या शोधाचा एक दुष्परिणाम झाला. कारण सापडलं नाही की ‘कॉस्मिक रे असेल’ म्हणून मोकळं व्हायची सवय लागली. २००९ मध्ये गुगलच्या हजारो सर्व्हरांवरच्या अडीच वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅमच्या पट्ट्यांमध्ये निदान एक चूक दिसली होती. आणि ज्या पट्टीत एकदा चूक झाली तिच्यात पुन्हा होण्याची शक्यता खूपच जास्त. आकाशातून पडणारा कण परत परत तीच पट्टी निवडून तिच्यावर पडत नाही. म्हणजे बहुतेक वेळा पट्टीच खराब होती. आकाशाला विनाकारण बोल लागत होता.

फुगलेले डबे

घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. नगरपालिकेचं पाणी कधी जोरात येतं, कधी थेंब थेंब, पण टाकीमुळे नळाची धार सारखी राहते. मदरबोर्डवरचा कपॅसिटर तेच काम विजेसाठी करतो. प्रोसेसरला करंट कमी-जास्त लागतो, पण व्होल्टेज स्थिर हवं असतं. ते धरून ठेवायला प्रोसेसरच्या आजूबाजूला पेन्सिलच्या तुकड्याएवढे अॅल्युमिनियमचे छोटे डबे उभे केलेले असतात.

साधारण १९९९ ते २००७ या काळात हे डबे जगभर फुगू लागले. आतल्या द्रवात पाण्याचं प्रमाण जास्त होतं आणि अॅल्युमिनियमचं संरक्षण करणारी रसायनं अपुरी. पाणी अॅल्युमिनियमवर काम करी, हायड्रोजन तयार होई, डब्याचं सपाट डोकं घुमटासारखं वर येई आणि शेवटी फुटून तपकिरी चिकटा बाहेर येई. फुगायला लागलेला कपॅसिटर एकदम मरत नाही, तीच पंचाईत. टाकी गळकी झाल्यावर जसं पाणी कधी येतं कधी नाही, तसा कॉम्प्युटर कधी चालतो, कधी लटकतो, कधी कारणाशिवाय रीस्टार्ट होतो. लोक विंडोज परत टाकत, व्हायरस शोधत, रॅम बदलत.

याची एक रहस्यकथाही पसरली. जपानी कंपनीतल्या एका शास्त्रज्ञाबरोबर द्रवाचं सूत्र चीनला गेलं, तिथून ते त्याच्या हाताखालच्या लोकांनी तैवानला नेलं, पण नेताना अर्धवट नेलं, म्हणून डबे फुटतात. २००२ मध्ये उद्योगातल्या एका नियतकालिकाने ती छापली आणि ती सगळीकडे गेली. चोर, चोरलेलं सूत्र आणि शेवटी नियतीचा दणका. सांगायला झकास. पण याच काळात डेल कंपनीचे ‘ऑप्टिप्लेक्स’ कॉम्प्युटर मोठ्या प्रमाणावर बिघडले, आणि त्यांच्यातले कपॅसिटर निचिकॉन या नावाजलेल्या जपानी कंपनीचे होते. रहस्यकथेत हे बसत नाही.

डेलची कहाणी २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने न्यायालयात उघड झालेल्या कागदपत्रांवरून छापली. मे २००३ ते जुलै २००५ दरम्यान कंपनीने धोका असलेले किमान १ कोटी १८ लाख कॉम्प्युटर विकले होते. दुरुस्ती आणि बदलीसाठी कंपनीने ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते. पण माझ्या लक्षात राहिली ती एक बारीकशी गोष्ट. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले काही कॉम्प्युटर बंद पडू लागले. कंपनीने तपासून कारण दिलं: तुम्ही त्यांच्यावर फार अवघड गणितं केलीत, त्यांना ताण झाला.

गणित विभागाला! मी हे वाचून आधी मोठ्याने हसलो. मग मला माझा अहवाल आठवला. तिथे तरी वापरणाऱ्यांना दोष देणारी परकी कंपनी होती. मी शेजारच्या खुर्चीतल्या मुलाला दिला होता.

लाइट आली की

माझं लहानपण मराठवाड्यात भारनियमनात गेलं. दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास लाइट नसायची. लाइट गेली की आई ओरडायची, ‘टीव्हीचं बटण बंद कर, फ्रिजची पिन काढ.’ गेलीच आहे तर बंद कशाला करायचं, असं मला वाटायचं. आईचं म्हणणं एवढंच, ‘येताना दणक्यात येते.’ सगळ्या गल्लीचे पंखे, मोटारी आणि फ्रिज एकाच क्षणी वीज ओढू लागले की व्होल्टेज हेलकावे खातं. एनिॲकच्या इंजिनिअरांना ट्यूब गमावून जे उमगलं, ते आईला एक टीव्ही जाळून कळलेलं होतं.

२७ मे २०१७ ला ब्रिटिश एअरवेजची लंडनमधली यंत्रणा कोसळली. सुट्टीच्या दिवसांत ७५,००० प्रवासी अडकले. कंपनीच्या वरिष्ठांनी सांगितलेलं कारण असं: एका इंजिनिअरने डेटा सेंटरचा वीजपुरवठा तोडला, आणि तो परत जोडताना नीट क्रमाने जोडला नाही. वीज जाण्याने जितकं नुकसान झालं त्याहून जास्त ती परत येण्याने झालं. वर्तमानपत्रांनी तो एक माणूस उचलून धरला. पण एका माणसाच्या हातून एक पुरवठा तुटला तर अख्खी विमान कंपनी जमिनीवर कशी येते, हा प्रश्न मोठा होता, आणि तो त्या माणसाला विचारून सुटणारा नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षी, ८ ऑगस्ट २०१६ ला, अटलांटामध्ये डेल्टा एअरलाइन्सचं तेच झालं. वीज वळवणारं उपकरण बिघडलं. पर्यायी वीज होती. पण डेटा सेंटरमधल्या सुमारे ७,००० घटकांपैकी जवळपास ३०० त्या पर्यायी विजेला नीट जोडलेलेच नव्हते. दोन हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली. कागदावर सगळ्याची जोडी होती. ज्या दिवशी जोडीदाराची गरज पडली त्याच दिवशी कळलं की तो तिथे नाहीच.

दोन वायरी

आता आमच्या सर्व्हरकडे.

तिसऱ्या आठवड्यात बिल्डिंगचे इलेक्ट्रिशियन काका वेगळ्याच कामासाठी सर्व्हरच्या खोलीत आले होते. मी तिथे लॅपटॉप मांडीवर घेऊन खिन्न बसलो होतो. त्यांनी विचारलं, ‘काय झालं?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘याला दोन वायरी दिसतात. कशाला?’ मी जरा ऐटीत सांगितलं की याला दोन पॉवर सप्लाय आहेत, एक गेला तर दुसरा सांभाळतो. काका वाकले, वायरी हाताने धरून मागे मागे गेले आणि म्हणाले, ‘पण दोन्ही एकाच यूपीएसला गेल्यात की.’

मी जाऊन बघितलं. खरंच.

मग पुढचं भराभर उलगडलं. संध्याकाळी आमच्या भागातली वीज अधूनमधून जायची. जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागायचे. तेवढे सेकंद यूपीएसने ओढून न्यायचे असतात. पण त्याची बॅटरी म्हातारी झाली होती. भार पडला की ती मान टाकायची. काकांनी मल्टिमीटर लावून मला दाखवलं: नुसती असताना आकडा ठीक, भार दिला की घसरगुंडी. व्हर्लविंडची टिचकी म्हणतात ती हीच, पण हे मला नंतर कळलं. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणारा वॉचमन सहज म्हणाला, ‘त्या खोलीतून पीं पीं आवाज येतो ना साहेब, मधून मधून.’ यूपीएस बिचारा ओरडून सांगत होता. ऐकायला तिथे कोणी बसत नव्हतं.

आणि लॉग? सर्व्हरची वीज गेली की पॉवर सप्लायमध्ये साठलेल्या विजेवर तो सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका, फार तर दोन भागांइतका तग धरतो. तेवढ्यात ऑपरेटिंग सिस्टिमला एक ओळही लिहिता येत नाही. कोड कोसळला असता तर त्याने मरताना काहीतरी लिहून ठेवलं असतं. लॉगमधला कोरेपणाच सांगत होता की हा कोडचा प्रकार नाही. मी तो कोरेपणा तीन आठवडे बघत होतो आणि त्यात काही नाही असं म्हणत होतो.

त्यातही वाईट म्हणजे उत्तर लिहिलेलं होतं. अशा सर्व्हरमध्ये एक छोटासा वेगळा कॉम्प्युटर असतो. पंखे, तापमान, वीज यांच्यावर लक्ष ठेवतो आणि आपली वेगळी वही ठेवतो. यासाठीचं ‘आयपीएमआय’ नावाचं मानक १९९८ मध्येच आलं. त्या दिवशी मी ती वही पहिल्यांदा उघडली. प्रत्येक पडझडीपाशी दोन ओळी होत्या. पहिल्या सप्लायची वीज गेली. दुसऱ्या सप्लायची वीज गेली. दोन्हींची वेळ एकच.

बॅटरी बदलली. एक वायर दुसऱ्या यूपीएसला लावली. दोन्हींवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. सर्व्हर तेव्हापासून पडलेला नाही.

तो मुलगा मात्र तोवर नोकरी सोडून गेला होता. या प्रकरणामुळेच गेला असं मी म्हणू शकत नाही, आणि यामुळे नाही असंही. अहवाल कंपनीच्या फोल्डरमध्ये तसाच होता, त्याच्या नावासकट. मी जुना मजकूर खोडला नाही, कारण काय चुकलं ते दिसायला हवं. त्याच्या वरती तारीख घालून खरं कारण लिहिलं, कोड निर्दोष होता असं लिहिलं, आणि चुकीचा निष्कर्ष माझा होता असंही लिहिलं. यावेळी ‘बहुधा’ लिहिलं नाही. मग त्याला मेसेज केला. वायरींचा फोटो पाठवला आणि माफी मागितली.

दोन दिवस निळ्या टिका दिसत राहिल्या. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

‘बॅटरी बदलली ना?’